सातवं कडवं

१

दोर वळणारा माणूस उलटा चालतो. हे सांगितलं की लोकांना हसू येतं. पण काम तसंच आहे. कमरेला तागाचा पुंजका गुंडाळायचा, त्यातले चार तंतू ओढून चाकाच्या आकड्याला अडकवायचे, आणि चाक फिरायला लागलं की बोटांतून ताग सोडत मागे मागे जायचं. नजर बोटांवर. मान वळवली की बोटं सैल पडतात, बोटं सैल पडली की पेडाला गाठी येतात, आणि मग सगळं उकलून पहिल्यापासून. म्हणून मागे बघायचं नाही. बावन्न वर्षं मी असाच चालत आलोय. माझी आई म्हणायची, याची पाठ याच्या तोंडापेक्षा हुशार आहे.

आमची शेड बोळासारखी लांबट आहे. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला भिंत. मध्ये सात खांब, दोन खांबांत नऊ हातांचं अंतर. पहिला खांब चाकाजवळ, सातवा भिंतीला चिकटलेला. म्हणजे एक पेड चोपन्न हातांचा. मी चौथीपर्यंत शिकलो, पण एवढं गणित येतं.

चाकावर आमची ही बसते. लग्न होऊन आली तेव्हापासून. त्याआधी आई बसायची. चाकावर बसलेल्याला चालणारा समोर दिसतो आणि त्याच्या मागचंही दिसतं, म्हणून आमच्या कामाला गाणं आहे. चालणारा प्रत्येक खांबापाशी विचारतो, 'मागे काय, मागे काय?' आणि चाकावरून उत्तर येतं. एक कडवं संपेपर्यंत पुढचा खांब येतो.

मागे उन्हाचा तुकडा, पाय शेकत ये.
मागे मांजर निजलं, वळसा घालत ये.
मागे पाणी सांडलं, पाऊल उचलत ये.
मागे पाळणा टांगला, गुपचूप, गुपचूप ये.
मागे उंबरा आडवा, जरा जपून ये.
मागे कोणी नाही, कोणी नाही, भिऊ नको, ये.

एवढ्यात पाठ भिंतीला टेकते. तिथे सातव्यांदा विचारायचं, 'मागे काय?' त्याला शब्दांनी उत्तर नाही. चाकावरचं माणूस ओठ मिटून नुसतं गुणगुणतं. लांब, एकसुरी. ते ऐकलं की थांबायचं. पेड खुंटीला अडकवायचा आणि सरळ चालत परत यायचं.

गाण्यात आणखी काही असेल असा विचार मी कधी केला नाही. चहा पिताना कपाचा विचार करत नाही, तसंच ते.

२

नात आली ती एक पिशवी कपडे आणि दोन पिशव्या वह्या घेऊन. मुलीची मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून आजी तिला खारूताई म्हणायची, आता नुसतं खारे म्हणते. कॉलेजात ती गाण्यांचे अर्थ शोधते. म्हणजे जो दिसतो तो नाही, त्याच्या खालचा. तिच्या सरांनी सांगितलं होतं, कामाची गाणी गोळा कर, त्यांच्या पोटात बरंच काही असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी हिचे डोळे बघितले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. "आजी, तुम्हाला दोन वर्षं नीट दिसत नसणार," डॉक्टर म्हणाले. मी हिच्याकडे बघितलं.

"मग दोन वर्षं मला मांजर आहे, पाणी आहे, ते कशावर सांगत होतीस?"

"पाठ आहे की मला," ही म्हणाली. "आणि तुम्ही तरी कुठे मांजर बघून वळसा घालता? मांजर मरून सात वर्षं झाली."

नातही बरोबर आली होती. आम्ही तिघं हसलो. डॉक्टरही हसले. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

नातीने पहिल्याच दिवशी गाणं लिहून घेतलं आणि ओट्यावर मांडी घालून बसली. "आजोबा, हे आयुष्याचं गाणं आहे. माणूस आयुष्यात उलटाच चालतो. झालेलं समोर दिसतं, होणारं पाठीमागे. ऊन म्हणजे बालपण. मांजर म्हणजे झोप, आळस. सांडलेलं पाणी म्हणजे रडणं."

"मांजर म्हणजे मांजर," आतून ही म्हणाली. "पायात यायचं मेलं."

"आजी, मग पाळणा? शेडमध्ये पाळणा कशाला?"

"तुझ्या आईला कुठे ठेवणार होते मी? चौथ्या खांबाला टांगायचे."

नात हिरमुसली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "तुझं म्हणणंही बरोबर असेल गं. आम्ही काय, अडाणी माणसं."

तिने पेन्सिल तोंडात धरली आणि वहीचं पान उलटलं. "एक सांगा. पहिल्या पाच कडव्यांत मागे काहीतरी आहे, आणि पाचही ठिकाणी कोणी 'भिऊ नको' म्हणत नाही. सहाव्यात मागे कोणी नाही. आणि तिथेच का 'भिऊ नको'?"

ही आत भांडी घासत होती, ती थांबली. मग पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला.

३

नदीवरच्या होडीवाल्याला दोर हवा होता. तीन पेडांचा. दोन तयार होते, तिसरा राहिला होता. डोळ्यांचं कळल्यावर मी हिला चाकावर बसू देईना. चाकात लुगड्याचा पदर गेला तर? नात म्हणाली, मी बसते.

दुपारचे तीन वाजले असतील. पत्र्याच्या भोकातून उजेडाच्या काठ्या जमिनीवर उभ्या होत्या. तिने वही चाकाच्या खुंटाला टेकवून ठेवली, कडवी बघायला. तिचा आवाज गोड आहे, थोडा घाईचा. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. ऊन, मांजर, पाणी, पाळणा, उंबरा. कोणी नाही, कोणी नाही. मी सातव्यांदा विचारलं, 'मागे काय, मागे काय?' आणि गुणगुणण्याची वाट बघितली.

ती गायली, "मागे तुझंच घर आहे, दार उघडं, ये."

आता सांगताना सोपं वाटतं, की मी तिथेच थांबायला हवं होतं. पण बावन्न वर्षं पायांना एकच ठाऊक आहे. शब्द आले की चालायचं. आणि शब्द किती छान होते. मी चालत राहिलो.

भिंत पाठीला टेकली की नाही, याकडे माझं लक्ष नव्हतं. एवढं आठवतं की पायाखालची जमीन बदलली. आमच्या शेडची जमीन चालून चालून मधोमध गुळगुळीत झालीय. ती तशी लागेना. कोणी न चाललेली वाटली. तागाचा वास येईनासा झाला. आणि मागून कोणीतरी माझ्या कमरेचा पुंजका नीट केला. सैल झाला होता तो वर सरकवला, हलकेच, दोन बोटांनी. लहानपणी मी शिकत होतो तेव्हा आई तसं करायची. मला भीती वाटली नाही. हे मुद्दाम सांगतो. मला बरं वाटलं.

"झालं, आजोबा!" लांबून नात म्हणाली.

मी पेड हातावर गोळा करत चाकापर्यंत आलो. खांब मोजले नाहीत. खांब कोण मोजतं?

"ते शेवटचं कुठलं गायलीस?"

"आवडलं? मीच जुळवलं. सर म्हणतात, गुणगुणणं म्हणजे विसरलेले शब्द. तिथे एक कडवं हरवलंय. चाक फिरवता फिरवता आपोआप सुचलं बघा."

"मी भिंतीला टेकलो होतो का गं?"

"टेकला असाल की. नाहीतर जाणार कुठे? मी वहीत बघत होते."

४

पेड मोजला. त्रेसष्ट हात.

मी पुन्हा मोजला. माझा हात म्हातारपणी आखडला असेल, म्हणून नातीच्या हाताने मोजला. तिचा हात लहान, तर त्याने आणखी जास्त भरला. मग जुन्या दोन पेडांशेजारी तो जमिनीवर पसरला. ते दोन संपले आणि हा पुढे गेला. खांबाखांबात बसेल एवढा, नऊ हात.

ताग ओला असला की ओढून वाढतो. पण हात दोन हात. नऊ हात वाढायचा तर तुटेल. मी रात्री जेवताना नातीला म्हटलं, तू चाक जोरात फिरवलंस म्हणून असेल. तिला ते पटलं. मलाही पटलं असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जास्तीचा तुकडा कापून टाकायला बसलो. चोपन्न हातांवर खूण केली आणि बोट फिरवलं. खुणेच्या अलीकडे आमचा पीळ, उजवा. खुणेच्या पलीकडे डावा. मधे गाठ नाही, सांधा नाही. एकाच तंतूने दिशा बदललेली. आमच्या घरात डावा पीळ कोणी घालत नाही. आमचं चाकच त्या बाजूने फिरत नाही.

आणि काम इतकं सफाईचं होतं, की माझं त्याच्यापुढे काहीच नव्हे.

मी तो तुकडा चुलीत घातला. नातीला सांगितलं नाही. तिला त्यातून आणखी एक अर्थ सापडला असता.

त्या दिवसापासून हिचं काहीतरी बिनसलं. नजर गेल्यापासून ही आवाजावर चालते. कोण आलं ते पावलांवरून ओळखते. होडीवाल्याला तर ती फाटकापासून ओळखते, एक पाय ओढतो म्हणून. पण आता मी तिच्या शेजारी येऊन बसलो, दोन घोट चहा प्यालो, तरी ती म्हणायची, "आलात का?"

"केव्हाचा आलोय."

"अगं बाई. पाऊल नाही वाजलं तुमचं."

एक-दोनदा होतं असं. पण चौथ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर ताग निवडत होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि तिने शेडकडे तोंड करून हाक मारली, "अहो, पुरे आता! चहा निवतोय."

मी म्हटलं, "अगं, मी इथे आहे."

ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत दुधासारखा पडदा आहे, त्यात काही कळत नाही. "मग तिकडे कोण विचारतंय मघापासून?" ती म्हणाली. मी कान दिला. पत्रा उन्हाने तडतडत होता. बाकी काही नाही.

"पत्रा आहे तो."

"असेल," ती म्हणाली. तिने कप पुढे केला. माझ्या हाताला बोटं लागू नयेत अशा बेताने.

एकेचाळीस वर्षांत हिने मला असा कप दिला नव्हता.

५

नातीचे सर खूश झाले. तिने फोनवर सगळं गाणं म्हणून दाखवलं, सातव्या कडव्यासकट. ते कडवं आपण जुळवलं, हे सांगायचं राहून गेलं. की सांगितलं नाही. ही दारात उभी राहून ऐकत होती.

"खारे, ते आमचं नाही."

"आजी, गाण्यात शब्द भरावेच लागतात कधीकधी. आणि ते माझंही कुठे आहे? आपोआप सुचलं."

"तेच तर. आपोआप सुचलेलं तोंडातून काढायचं नसतं त्या जागी."

"मग काय करायचं असतं त्या जागी?"

ही खाली बसली. गुडघ्यांवर हात ठेवले. "सासूबाईंनी मला चाकावर बसवलं तेव्हा सांगितलं होतं, सहावं संपलं की बघायचं आणि तोंड मिटायचं. मी विचारलं, काय बघायचं? तर म्हणाल्या, बघितलंस की कळेल, आणि कळलं की तोंड आपोआप मिटेल."

"आणि तुला काय दिसलं?"

"भिंत," ही म्हणाली. मग पदर सावरून म्हणाली, "बहुतेक वेळा भिंत."

नात हसली, पण तिने ते वहीत लिहून घेतलं. मी उठून मडक्यातलं पाणी प्यालो. तहान नव्हती.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ती शेडमधून धावतच आली. चाकाजवळ उभी राहून सगळी कडवी म्हणून बघत होती म्हणे. चेहरा उजळला होता. परीक्षेत पहिला नंबर आल्यावर यायची तशी आली.

"आजोबा, सापडलं! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. सांगा, आजी चाकावर बसते. तुम्ही तिच्यापासून लांब जाता. बरोबर?"

"बरोबर."

"मग ती 'ये' कशी म्हणेल? लांब जाणाऱ्याला कोणी 'ये' म्हणतं का? 'जा' म्हणेल. प्रत्येक कडव्यात 'ये' आहे. म्हणजे हे शब्द चाकावरच्या माणसाचे नाहीतच. ज्याच्याकडे तुम्ही जाताय, त्याचे आहेत. चाकावरचं माणूस फक्त त्याच्या वतीने म्हणतं." तिने श्वास घेतला. "आणि सातव्या वेळी म्हणायला नकार देतं. आजोबा, गुणगुणणं म्हणजे विसरणं नाही. नकार आहे तो! सर वेडे होतील."

आत ही दाणे निवडत होती. ताटातला आवाज थांबला.

मी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. हुशार आहे पोर. मला बावन्न वर्षांत जे दिसलं नाही ते तिला बारा दिवसांत दिसलं. मी म्हटलं, "मग बाळा, तू जे कडवं गायलीस ना..."

"हो, ते काढून टाकते," ती म्हणाली. "चुकीचंच आहे ते." आणि वहीत त्याच्यावर तिरकी रेघ मारली. तिच्या दृष्टीने तेवढ्याने भागलं.

६

दुसऱ्या दिवशी ती जाणार होती. सकाळी आंघोळ करून आली आणि म्हणाली, "आजोबा, मला एकदा चालायचंय. चाकावरची बाजू कळली, चालणाऱ्याची कळल्याशिवाय लिहू कशी?"

"नको."

मी तिला सहसा नको म्हणत नाही. तिला नवल वाटलं. "का?"

का ते मला सांगता येईना. नऊ हात पेड जास्त भरला म्हणून? आजीला माझं पाऊल ऐकू येत नाही म्हणून? दिवसाढवळ्या, ओट्यावर बसून, शिकलेल्या पोरीला हे कसं सांगणार? मी म्हटलं, "गाठी पडतील. ताग वाया जाईल."

"मग मी ताग घेतच नाही. फोनवर माझं रेकॉर्डिंग आहे, ते चाकाजवळ लावून ठेवते आणि नुसती चालते. तुमची दुपारची झोप झाली की करूच."

त्या रेकॉर्डिंगमध्ये सातवं कडवं होतं. वहीत रेघ मारली होती, फोनमध्ये नव्हती.

"मी बसतो चाकावर," मी म्हटलं. "पण मी म्हणेन तसंच. गुणगुणलो की थांबायचं. एक पाऊलही मागे टाकायचं नाही."

"हो हो. नियम म्हणजे नियम," तिने कानाला हात लावला.

मी तिच्या कमरेला ताग बांधला. बोटं कशी धरायची ते दाखवलं. मग चाकावर जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. हिच्या बसण्याने पाट मधे खोलगट झालाय. तिथून शेड वेगळीच दिसत होती. मी रोज जिथे असतो तिथे नात उभी होती, माझ्याकडे तोंड करून, जीभ ओठांत धरून बोटांकडे बघत. तिच्या पाठीमागे खांब, एकामागे एक, आणि शेवटी भिंत. पांढरी, पोपडे आलेली. मी ती नीट बघून घेतली. भिंत होती.

चाक फिरवलं.

"मागे काय, मागे काय?" नात म्हणाली आणि तिला हसू आलं.

माझा आवाज घोगरा आहे. ऊन, मांजर. ती दुसरा खांब ओलांडून तिसऱ्यापाशी गेली. पाणी. पाळणा. ती खरंच पावलं गुपचूप टाकायला लागली. उंबरा. मी भिंतीवरची नजर काढली नाही. पापणी लवली असेल, तेवढंच. सहाव्या खांबापाशी तिने विचारलं आणि मी म्हटलं, "मागे कोणी नाही, कोणी नाही," आणि म्हणत असतानाच मला दिसलं की सातव्या खांबामागे भिंत नाही.

तिथे आठवा खांब होता. त्याच्यामागे नववा. अंधार नव्हता. बऱ्याच वेळा धुतलेल्या कापडाचा असतो तसा उजेड होता, आणि खांब त्यात लहान होत गेले होते. खूप लांब, मला मोजता येणार नाही एवढ्या लांबच्या खांबापाशी, एक माणूस उलटा चालत होता.

माझ्याकडे तोंड होतं त्याचं. नजर बोटांवर. डावा खांदा जरा उतरलेला. कमरेला ताग. तो थकला होता. हे एवढ्या लांबून कसं कळलं विचाराल, तर मी तो खांदा बावन्न वर्षं वागवलाय. तो मी होतो.

तो दर खांबापाशी तोंड उघडायचा आणि विचारायचा. थांब म्हणणारं कोणी नव्हतं. म्हणून चालत होता.

"भिऊ नको, ये," माझं तोंड म्हणालं. कडवं पुरं झालं. नात सातव्या खांबाला पोचली.

"मागे काय, मागे काय?"

तिचा आवाज. आणि तिच्या आवाजाखाली, अगदी बारीक, दुसरा.

मला शब्द सुचले. खोटं कशाला सांगू. माझ्या जिभेवर आले ते, गोड, तयार, कोणीतरी भरवल्यासारखे. घर, दार, ये. ते म्हणावेत असं मला फार वाटलं. नातीचा एक पाय मागे उचललेला होता, टाच हवेत. ती वाट बघत होती.

माझे ओठ मिटले. मी मिटले असं म्हणवत नाही. ते मिटले. आणि नाकातून, छातीतून, हिचा तो लांब सूर निघाला.

नातीने पाय खाली टेकला. तिची पाठ भिंतीला लागली. थोडा चुना तिच्या खांद्यावर पडला.

७

"जमलं की!" ती म्हणाली. पेड खुंटीला अडकवून उड्या मारत आली. तिच्या पेडात वीतभर अंतरावर गाठी होत्या. "आणि आजोबा, शेवटी तुम्हीपण माझ्याबरोबर विचारलंत ना, ते काय छान वाटलं. पाठीत घुमल्यासारखं."

मी म्हटलं, "हो."

"पण तुम्ही तर समोर चाकावर..." तिने कपाळाला आठी घातली. मग खांदे उडवले. तिची गाडी पाचची होती. तिच्या खांद्यावरचा चुना मी झटकला. तिचे दोन्ही दंड धरून उभा राहिलो जरा वेळ. गरम होते, घामाने ओले. ती माझ्याकडे बघून हसली, "काय हो आजोबा, परत येणारच आहे मी."

"गाणं लिहिशील तेव्हा," मी म्हटलं, "त्या जागी काही लिहू नकोस. मोकळी सोड."

"मोकळीच सोडते."

ती हातातला ताग झटकत होती तेवढ्यात शेडच्या दारात ही आली. भिंत चाचपत, एकटी. आमचा आवाज तिला ऐकू गेला नसावा, किंवा गेला असेल. तिने उंबऱ्यापाशी थांबून तोंड वर केलं. मी तिच्या उजव्या हाताला होतो, चाकापाशी, चार पावलांवर. तिने माझ्याकडे तोंड केलं नाही. दुसऱ्या टोकाकडे, भिंतीकडे केलं. तिचा चेहरा इतका मऊ झाला, की लग्नानंतरच्या वर्षीचा वाटला.

"दमला असाल हो," ती भिंतीला म्हणाली. "किती वेळ चालताय."

शेडमध्ये काही हललं नाही. मी पुढे झालो आणि हळूच म्हटलं, "नाही गं. दमलो नाही."

ती केवढी दचकली. हात पुढे केला तो माझ्याकडे नाही, नातीकडे. तिचं मनगट तिने घट्ट धरलं आणि तिला आपल्यामागे ओढलं.

"खारे," ती कुजबुजली, "इथे कोण बोललं गं?"

नातीला हसू फुटलं. "अगं आजी, आजोबा!" ती म्हणाली, आणि खात्री करून घ्यावी तसं तिने माझ्याकडे बघितलं.